तीन आठवडे, दोन बाटल्या व्हिनेगर

तुझ्या खुब्यात नवं लोखंड बसवलं
त्याच्या दुसऱ्याच दिवशी फोनवर म्हणालीस,
"निकानोर, घराचं काय?"
म्हटलं, घर आहे तिथंच आहे,
टेकडीवरून अजून घसरलेलं नाही.
"तसं नव्हे. काचा?"

मग तू सांगत गेलीस, मी लिहीत गेलो
विजेच्या बिलाच्या पाठीवर:
एक कप व्हिनेगर, दोन कप पाणी.
ओट्याला सोडा, ओल्या फडक्यावर घेऊन.
तांब्याला लिंबू नि मीठ.
शेगडीच्या काचेला शेगडीचीच राख.
आणि क्लोरीनमध्ये व्हिनेगर घालू नकोस, हे दोनदा,
"तू मेलास तर मला वॉकर घेऊन चढाव्या लागतील
एकशे बासष्ट पायऱ्या."

एकेचाळीस वर्षं मी वालपाराईसोच्या
ट्रॉलीबसच्या मोटारी उघडल्या,
रोज संध्याकाळी काळे हात घेऊन घरी आलो,
आणि बेसिन पांढरं असतं
हा मला निसर्गाचा नियम वाटायचा.

पहिल्या दिवशी अतिशहाणपणा केला.
सोडा चांगला, व्हिनेगर चांगलं,
मग दोन्ही मिळून दुप्पट चांगलं!
ओतलं. काय तो फेस,
खालचं बंदर मोरीत उसळून आल्यासारखा.
मी टाळ्या वाजवायचाच बाकी होतो.
फेस बसला. डाग होता तिथंच.
वरच्या घरातली ऑर्तेन्सिया खिडकीतून बघत होती.
"दोघं एकमेकांना खाऊन टाकतात," म्हणाली,
"उरतं नुसतं खारट पाणी.
अशी लग्नंही पाहिलीत मी."

दिव्याच्या बटणाभोवती काळं वर्तुळ: माझं.
आरामखुर्चीमागे भिंतीवर तेलकट चंद्र: माझ्या डोक्याचा.
दाराच्या कडेला, खांद्याच्या उंचीवर,
बूट काढताना मी टेकतो तिथं, पंजा.
तुझा एकही डाग सापडला नाही.
शोधत होतो असं नाही.

काचा बाहेरून पुसाव्या लागतात, हे आत्ता कळलं.
समुद्र रोज रात्री मीठ थापून जातो,
आणि तू रोज सकाळी, मी झोपेत असताना,
ते कुणाच्या पेपरने पुसतेस?
आपण तर पेपर घेत नाही.

आणि मग ती किटली.
बाल्दोमेरोने लग्नात दिलेली,
"अस्सल तांबं आहे, वहिनी, खाणीतलं,"
असं पाहुण्यांसमोर तीनदा सांगून.
फळीवरून उतरवली, लिंबू कापलं, मीठ लावलं,
चोळली, फिरवली,
आणि भिंतीकडच्या बाजूला
पितळ उघडं पडलं.
हे मी म्हणीत बोलत नाहीये, एदुविहिस.
तळहाताएवढा पिवळा तुकडा,
वर्षानुवर्षांच्या तुझ्या अंगठ्याने
वरचं तांबं झिजवून काढलेला.
भाऊ माझा. मुलामा त्याचा.
आणि सदतीस वर्षं
ती बाजू भिंतीकडे वळवत आलीस तू.

मी बराच वेळ मोरीपाशी उभा होतो.
लिंबू बोटांवरच्या चिरेत झोंबत होतं.
मग किटली धुतली, पुसली,
फळीवर ठेवली. थोडी डावीकडे.
पिवळी बाजू भिंतीकडे.

तू आलीस शुक्रवारी.
पायऱ्यांवर चार वेळा बसलीस,
प्रत्येक वेळी मला शिव्या दिल्यास, खुब्याला नाही.
दारात थांबून नाक वर केलंस:
"व्हिनेगर जास्त झालं."
बोट फिरवलंस फळीवर.
किटलीपाशी बोट थांबलं,
मग पुढं गेलं.

रविवारी बाल्दोमेरो आला केक घेऊन.
चहा होईस्तोवर फळीकडे बघत राहिला.
"काय चकाकतीये! बघ,
अस्सल माल आयुष्यभर टिकतो."
तू खिडकीकडे पाहिलंस.
मीही पाहिलं.
काच इतकी स्वच्छ होती
की बंदरातल्या क्रेनवरचे आकडे
वाचता येत होते आपल्याला,
आणि आपण ते वाचत बसलो,
दोघंही, हसू दाबून, एक एक करत.